स्वयंपाकघरातली उलटतपासणी

“व्हायोलिन घेतलंत तेव्हा खिशात काय होतं?” बायकोने विचारलं.

“फारसं काही नव्हतं.”

“आणि तरी दुकानातलं सगळ्यात महागडं उचललंत. तेही कार्डावर. लगेच पाठोपाठ दिवाळखोरीचा अर्ज. बँकेनं याला काय म्हणायचं?”

“महागडं नव्हतं, मधलं होतं,” तो म्हणाला. “सगळ्यात महागडं काचेच्या कपाटात असतं. त्याला हातसुद्धा लावू देत नाहीत.”

सासूबाई उंच स्टुलावर बसून मटार सोलत होत्या. लेकीने त्यांना न्यायाधीश नेमून हातात लाटणं दिलं होतं. ते त्यांनी ओट्यावर आपटलं.

“हे बरं बोललात, जावईबापू.”

“आई, न्यायाधीश शाबासकी देत नसतात.”

“मग मला कशाला बसवलंस? मी आपली आत बरी होते.”

रविवारची दुपार होती आणि जेवणाची भांडी तशीच पडली होती. सुनावणी सोमवारी सकाळी. लेखी जबाबातली उत्तरं त्याला तोंडपाठ होती, आता ती घासूनपुसून पाहायची होती. बँकेचं काम दर खेपेला बायकोकडेच येई, कारण तिच्यासारखं कोंडीत पकडणं दुसऱ्या कुणाला जमत नसे. ती बाह्या सरसावून उभी होती.

“मला आधी एक कळू दे,” सासूबाई म्हणाल्या. “दिवाळं जाहीर झालं की सगळी कर्जं पुसली जातात ना? मग हे काय मधेच?”

“बाकीची जातात, आई,” तो म्हणाला. “पण कार्डवाल्या बँकेनं हरकत घेतलीय. फेडायचं मनातच नव्हतं, तरी खरेदी केली, असं तिचं म्हणणं. कोर्टाला ते पटलं, तर हे कर्ज पुसलं जाणार नाही. मानेवर बसेल. आणि लबाड म्हणून शिक्का बसेल तो वेगळाच.”

“शिक्का वाईट,” सासूबाई म्हणाल्या. शेंग त्यांच्या हातातच राहिली.

बायको थांबायला तयार नव्हती. “गाणंबजावणं ही चैन. घरात ओढाताण असताना चैन सुचते कशी?”

“चैन कुठली? मुलांना व्हायोलिन शिकवून तर घर चालतं. जुन्याची मान मोडली. वाद्याशिवाय शिकवणी घ्यायची म्हणजे पोरांना जमिनीवर पोहायला शिकवायचं.”

“असं? मग जरा वाजवून दाखवता?”

त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं. तिघंही हसत सुटले. लाटणं घरंगळत खाली गेलं, ते बायकोनेच उचलून न्यायाधीशांना परत दिलं आणि त्याच दमात विचारलं, “भावाला जामीन राहिलात. त्याचं दुकान बुडतंय हे ठाऊक होतं. त्याच्याबरोबर आपणही जाणार, हेही ठाऊक होतं. म्हणून जाता जाता हात मारून घेतलात.”

“भाऊ दर रविवारी जेवायला यायचा. पोटभर जेवायचा, विनोद सांगायचा. त्याच्या बायकोलासुद्धा पत्ता नव्हता. व्हायोलिन आधी आलं, बातमी नंतर.”

“त्या भावाचे कान उपटायला हवेत,” न्यायाधीश म्हणाल्या.

“बातमी आल्यावर वाद्य परत का नाही केलंत?”

“परत केलं असतं तर शिकवण्या बंद. मग हप्ता कशातून भरायचा?”

“हप्ता तुम्हाला भरायचाच कुठे होता?”

“भरला की. पहिला बातमीच्या आधी. दुसरा नंतर.”

बायको एक पाऊल पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता. “नंतर? वकिलाला भेटून आल्यावर?”

“हो.”

“वकील भरू नका म्हणाला असेल.”

“म्हणाला.”

“मग भरलात कशाला?”

उत्तर पाठ होतं, तरी ते मोठ्याने म्हणताना त्याचा आवाज खाली आला.

“वाद्य घरात होतं. रोज वाजत होतं. पैसे न देता ते कानांनी ऐकायचं कसं?”

सासूबाईंनी लाटणं उचललं, पण आपटलं नाही. अलगद ओट्यावर ठेवलं.

“हरकत फेटाळली,” त्या म्हणाल्या आणि मनगटाने डोळे पुसले.

“माझ्याकडे प्रश्नच उरला नाही,” बायको म्हणाली. तिला धाप लागली होती. “उद्या हे असंच बोललं गेलं, तर निकाल कुठे जाईल ते सांगायला नको.”

तो हसला नाही. मटाराच्या सालांकडे बघत बसला.

“आता काय झालं? जिंकलास ना?” बायको म्हणाली.

“तीच तर भानगड आहे.”

तो ताडकन उठला, आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून त्याने फोन लावला. बाहेर तुकडे तेवढे ऐकू आले. “साहेब, ऐकून तर घ्या.” मग, “हो. माझ्या जबाबदारीवर.”

बाहेर आला तेव्हा त्याचे कान तापले होते.

“काय म्हणाले?” बायकोने विचारलं.

“आधी ओरडले. मग म्हणाले, तुला पटतं ते कर. निस्तरायचं मात्र तूच.”

“मोठ्या मनाचा माणूस दिसतो,” सासूबाई म्हणाल्या.

“मन कसलं, आई? दुपारच्या झोपेतून उठवलं की ते कशालाही हो म्हणतात.”

सोमवारी सकाळी बायकोने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली, दोनदा. कोर्टाच्या दालनात पंखा गरगरत होता, तरी त्याची पाठ ओली झाली. शिपायाने न मागता पाणी आणून दिलं.

“आज भलताच घाम फुटलाय तुम्हाला,” शिपाई म्हणाला.

“आजचं वेगळं आहे,” तो म्हणाला आणि पेला एका घोटात रिकामा केला.

पुकारा झाला. न्यायाधीशबाईंनी कागद चाळले, चष्मा वर सरकवला.

“व्हायोलिनच्या खरेदीवरून कार्डाच्या कर्जाला हरकत आहे,” त्या म्हणाल्या. “बँकेतर्फे वकील कोण आहे?”

“मी,” तो उभा राहत म्हणाला. “आमची हरकत आम्ही मागे घेतो.”