स्मोकीची दोरी

"डोळे उघडू नकोस हं. मी सांगेन तेव्हाच," लोर्ना म्हणाली.

"नाही उघडत गं बाई!" डल्सी वाळूच्या टेकाडावर फतकल मारून बसली. मोतीबिंदू काढून कालच ती अ‍ॅलिस शहरातल्या इस्पितळातून घरी आली होती. येईपर्यंत अंधार झालेला. उलुरूचा तो डोंगराएवढा पवित्र खडक आता पुन्हा डोळ्यांनी दिसणार, या आनंदात तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. भीतीही होती. नीट दिसलाच नाही तर?

दिसेनासं झाल्यापासून रोज पहाटे थोरली बहीण तिला दंडाला धरून इथे आणायची आणि उलुरू कसा दिसतोय ते सांगायची. आता निळा आहे, आता जांभळा झाला, आता पेटला! आजही लोर्नानेच आणलं होतं. एका हातात धाकटीचा दंड, दुसऱ्या हातात स्मोकी कुत्र्याची दोरी.

झुडपांत पाखरं कलकलू लागली.

"उघड! बघ कसा पेटलाय, निखाऱ्यासारखा!"

डल्सीने डोळे उघडले. समोर उलुरू होता, अख्खा, अंगावरच्या एकेका घडीसकट. तिला रडूच कोसळलं. पण पेटला मात्र नव्हता. पाठीमागे पूर्वेला ढग आला होता आणि उलुरू राखेच्या रंगाचा, गप्प बसून होता.

तिने बहिणीकडे पाहिलं. लोर्ना भलतीकडेच, एका वाळक्या झाडाकडे बघून हसत होती. तिच्या डोळ्यांवर साय धरली होती.

"ताई, तुला दिसत नाही?"

लोर्नाचं हसू मावळलं. "सावल्या दिसतात की."

"केव्हापासून?"

"तुझ्याही आधीपासून. सांगितलं असतं तर तू घरातच बसून राहिली असतीस."

"मग इतके दिवस मला इथे आणत कोण होतं?"

लोर्नाने हातातली दोरी वर केली. दुसऱ्या टोकाला स्मोकी रोजच्या रोटीच्या तुकड्यासाठी शेपटी हलवत उभा होता.

डल्सी हसून हसून वाळूत आडवी झाली. "लबाड म्हातारे! कुत्र्याच्या भरवशावर दोघींची वरात!"

लोर्नालाही हसू आवरेना.

"आता अ‍ॅलिसची गाडी आली की तू बसायचंस," डल्सी डोळे पुसत म्हणाली.

"मी नाही बाई. डोळ्यात सुई घालतात म्हणे."

"मी येते ना बरोबर. दंड धरून नेते."

पाठीला ऊन लागलं. ढग सरकला होता. डल्सीने बहिणीची हनुवटी धरून तिचा चेहरा झाडाकडून उलुरूकडे वळवला.

"सांग ना गं लवकर! कसा दिसतोय?" लोर्नाने विचारलं.

माथ्यावरची लाली हळूहळू खाली उतरत होती. डल्सी बघतच राहिली.

"तू सांगायचीस ना ताई," ती शेवटी म्हणाली, "अगदी तसाच."