आधी कुलूप, मग दार

“मंजुरी मिळणार नाही,” तनुजा तिसऱ्यांदा म्हणाली.

इंद्रजीतने हातातली फाईल टेबलावर आपटली. “आज बाराच्या आत नवी आवृत्ती गेली नाही तर पंपवाले करार मोडतील. कळतंय का काय बोलतीयेस?”

“मला करार कळतो, सर. तुम्हाला विहीर कळत नाही.”

क्रांती चौकातल्या त्या कंपनीत शेतातली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणारी पेटी आणि तिचे सॉफ्टवेअर तयार होत असे. चार हजार विहिरींवर त्या पेट्या बसल्या होत्या. नवी आवृत्ती मंजूर झाली, की पाच मिनिटांत ती सगळ्या पेट्यांत आपोआप उतरे. सुरक्षा प्रमुख असलेल्या तनुजाला या आवृत्तीत एक भोक सापडले होते. पेटीवर छापलेला क्रमांक ज्याला ठाऊक, त्याला कुठूनही ती मोटर सुरू करता येत होती. मग दुरुस्तीसाठी माणूस विहिरीत उतरलेला असो वा नसो.

“वीस दिवस द्या. बुजवते.”

“पुढच्या आवृत्तीत बुजव.”

“तोवर कुणी मेलं तर?”

दार उघडले. आक्का आत आल्या, तसे दोघेही उभे राहिले.

रत्नमालाबाईंना सगळी कंपनी आक्का म्हणे. पतीच्या मागे स्टार्टर दुरुस्तीच्या दुकानातून त्यांनी हा व्याप उभा केला होता. प्रवेशदारापाशी पितळी पाटी होती: ‘आधी कुलूप, मग दार.’ वाक्य त्यांचेच. पाहुण्यांना त्या पाटीसमोर उभे करीत आणि सांगत, “सुरक्षा वरून चिकटवायची नसते. पायातच भरायची असते.”

“आवाज जिन्यापर्यंत येतोय,” त्या म्हणाल्या. “काय झालं?”

तनुजाने सगळे सांगितले.

“आई, मीच मंजूर करून टाकतो,” इंद्रजीत म्हणाला.

“नाही करता येणार, सर. मंजुरी मागितली की सहा आकडे माझ्या फोनवर येतात. ते भरल्याशिवाय काही हलत नाही.”

“मालकालासुद्धा जमणार नाही?” आक्कांनी विचारले.

“मालकालासुद्धा नाही, आक्का. तुम्हीच तसं बांधायला सांगितलं होतं.”

“व्हय. मीच सांगितलं होतं.” आक्का किंचित हसल्या. मग मुलाकडे वळल्या. “आवृत्ती थांबेल. तू आपल्या खोलीत जाऊन कामाला बस. हाक मारीन तेव्हा ये.”

इंद्रजीत आईकडे क्षणभर पाहत राहिला आणि निघून गेला.

नोकरी जाणार, असे समजूनच तनुजा सकाळी घरातून निघाली होती.

“तुझ्या बापाच्या, रामकिसनच्या विहिरीवर आपलीच पेटी आहे ना?” आक्कांनी विचारले.

“आपलीच. अण्णा अजून स्वतः उतरतात. लई सांगून बघितलं.”

“देवगावची माणसं. ऐकतील तर शपथ.” आक्काही देवगाव रंगारीच्याच. “तुझं लग्न झालं आणि ओटी भरायची राहिली बघ. गावची लेक माझ्या दारातून रिकाम्या पदरानं जायची नाही. चल.”

आक्कांच्या खोलीत कोपऱ्यात देव मांडलेले होते. त्यांनी तांदळाचे ताट, खण आणि नारळ काढला.

“आई असती तर तिनं भरली असती. फोनमध्ये फोटो असंल ना तिचा?”

तनुजाने फोटो काढून दिला. आक्कांनी फोन लांब धरून न्याहाळला. “हीच. हिची पहिली ओटी मीच भरली होती.” त्यांनी फोन देवापुढच्या चौरंगावर टेकवून ठेवला. “हिच्यासमोरच भरू. पण हा फोन विझतोय की गं सारखा.”

“थांबा, विझणार नाही असं करते.” तनुजाने ते केले आणि ओल्या डोळ्यांनी मागे सरली.

“माझ्याकडे तोंड कर. ओढणी पसर, दोन्ही हातांनी धर.”

पहिली ओंजळ पडली, दुसरी पडली. मागे चौरंगावर फोन थरथरला. तनुजाने मान वळवली.

“ओढणी सोडू नकोस,” आक्का म्हणाल्या. “ओटी भरताना मागं बघत नाहीत. इंद्रजीत!”

इंद्रजीत आला.

“आधी देवाला नमस्कार कर. मग हिची माफी माग.”

तो तनुजाच्या मागे चौरंगापाशी जाऊन वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. या माणसाला कुणापुढे वाकताना तनुजाने कधी पाहिले नव्हते. मग समोर येऊन त्याने हात जोडले. “चुकलं माझं, तनुजा.” आणि तो घाईने परत गेला.

“स्वभाव तापट आहे, पण ऐकतो,” आक्का म्हणाल्या. उरलेल्या ओंजळी घालून त्यांनी वर नारळ ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. “अकरा बेचाळीस. बाराला राहुकाळ लागतो. वेळेत झालं.”

तनुजाने वाकून नमस्कार केला. आक्कांनी तिच्या कपाळाला कुंकू लावले, फोन तिच्या ओटीत नारळाशेजारी ठेवला आणि तिला दारापर्यंत पोचवायला आल्या.

ओटी सावरत ती जागेवर आली. शेजारची प्रेरणा हसली. “काय गं, ऑफिसला आलीस का माहेरी?”

“माहेरीच म्हण,” तनुजा म्हणाली. तांदूळ सांडू नयेत म्हणून तिने एका हाताने ओढणी धरली आणि दुसऱ्या हाताने संगणक उघडला.

पडद्यावर एकच नवा निरोप होता: ‘नवी आवृत्ती सर्व पेट्यांत उतरली. मंजुरी देणारी: तनुजा, सुरक्षा प्रमुख. मंजुरीची वेळ: ११.४२.’