गरजू भाग

नगरपालिकेचे साहेब आमचा अर्ज वाचून इतकं गोड हसले की मला वाटलं, झालं आपलं काम. पोरं वाईट नादाला लागू नयेत म्हणून पालिका दरवर्षी निधी देते आणि त्यावरच आमचा बॉक्सिंगचा हॉल चालतो.

“अभिनंदन, ताई. वर्षभरात तुमच्या भागातल्या पोरांची एकही तक्रार नाही,” ते आमच्या कोचताईला म्हणाले. “म्हणून यंदाचा निधी स्टेशनपलीकडच्या भागाला. तिकडे रोज काचा फुटतात. गरजूंना आधी, नाही का?”

“अहो, तक्रार नाही ती हॉलमुळेच ना?”

“तेच तर म्हणतोय. हॉलचं काम झालं.”

जिच्यापुढे आडदांड पोरं चळाचळा कापतात, ती आमची ताई साहेबांना नमस्कार करून उठली. एक तारखेला हॉलला कुलूप लागलं.

त्या संध्याकाळी साहेब ऑफिसातून खाली उतरले, तर त्यांच्या नव्याकोऱ्या गाडीसमोरच्या कठड्यावर आम्ही सगळे ओळीने बसलेलो. कुणी काही म्हणता काही करत नव्हतं. ज्याचा आवाज चार गल्ल्यांपलीकडे जातो, तो आमचा भोंगासुद्धा तोंड मिटून गाडीच्या काचेकडे टक लावून बघत होता.

“काय गं, इथे काय चाललंय तुमचं?” साहेबांनी नेमकं मलाच गाठलं.

मी उठून उभी राहिले. मोठ्यांशी बसून बोलायचं नाही, ही ताईची शिस्त.

“गरजू व्हायला आलोय, साहेब,” मी म्हणाले. “आज पहिलाच दिवस आहे. जमेल हळूहळू.”