त्रयस्थ साक्षीदार

"'वाटतं' म्हणायचं नाही, अंबूबाई. 'पाहिलं' म्हणायचं."

"पाह्यलंच की. त्यात वाटायचं काय?"

"मग तसंच सांगा."

इनायत वकील वडगावच्या कचेरीच्या ओट्यावर बसला होता. समोर सुदुंबऱ्याची अंबूबाई. पहाटे निघून दीर कोंडाजीबरोबर चालत आली होती. पायांवर धूळ, कपाळ मोकळं.

इनायत लोणावळ्याचा. वकिली सुरू करून दोनच वर्षं झाली होती. आजच्या खटल्यात त्याच्याकडे हा एकच साक्षीदार होता. ही साक्ष टिकली नाही तर त्याचा अशील बजरंग सहा महिने तरी आत जाणार होता.

तळेगावात रविवारी दिवस मावळताना एका दुकानातून लुगड्यांचं गाठोडं गेलं. दुकानातल्या नोकरानं लाल पटकेवाला पळताना पाहिला. बजरंगचा पटका लाल. गाठोडं सापडलं नाही, बजरंग सापडला.

बजरंग विहिरी खोदायचा. चार महिने कोंडाजीच्याच मळ्यात काम चालू होतं. जबाबात तो एवढंच म्हणाला, की मी सुदुंबऱ्याला होतो. कुणी पाहिलं, असं विचारलं की गप्प. अंबूबाई आपणहून साक्षीला येतेय हे कळल्यावर तर गजाआडून म्हणाला, "त्या बाईंस्नी नगा आणू, साहेब. त्यांचं काम न्हाई ह्ये."

इनायतला रागच आला होता. माणूस स्वतः बुडतोय आणि भीड दुसऱ्याची धरतोय.

"अजून एक," तो अंबूबाईला म्हणाला. "ऐकीव काही सांगायचं नाही. शेजारीण म्हणाली, दीर म्हणाला, तो पुरावा होत नाही. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच."

"आन् मनाला ठावं आसंल त्ये?"

"ते कोर्टात चालत नाही."

"लय थोडक्यात भागतं म्हणायचं कोर्टाचं."

कोंडाजी हसला. "आमच्या वैनी अशाच हाईत, साहेब. थोरला भाऊ जाऊन नऊ वर्सं झाली. त्याच्या नावानं ऱ्हायल्यात, त्याचा वाटा राखून. गावात ह्यांचा शब्द कुणी खाली पडू देत न्हाई." मग हळूच म्हणाला, "बजरंग्या सुटला तर बरं व्हईल बघा. कातळ लागलाय. हीर अर्धीच पडलीया."

"तेच आपलं बळ आहे," इनायत म्हणाला. "अंबूबाई, तुम्ही त्रयस्थ साक्षीदार. म्हणजे ज्याचं ह्यात नातं नाही, लाभ नाही, असा. आरोपीच्या घरच्या माणसाची साक्ष मामलेदार हलकी धरतात. तुमची नाही धरणार."

अंबूबाईनं मान हलवली. मग विचारलं, "आन् त्यांस्नी काय म्हणायचं?"

"कुणाला?"

तिनं हनुवटीनं दाखवलं. दोन शिपायांमध्ये बजरंग उभा होता.

"आरोपी म्हणा."

"आरोपी." शब्द तिला पसंत पडलेला दिसला. "ह्ये ब्येस हाय."

पुकारा झाला. अंबूबाईनं शपथ घेतली. साक्ष अशी सरळ निघाली, की इनायतला पुढचे प्रश्न विचारायची गरजच राहिली नाही. रविवारी मावळतीला आरोपी हिरीच्या काठाला बसले व्हते. मी डोळ्यांनी पाह्यलं. सासरकडून नात्यात न्हाईत, माह्यारकडून न्हाईत. मामलेदार भराभर लिहीत होते.

मग फौजदार उठले.

"काम कधी सुटलं त्या दिवशी?"

"दुपारीच. सुरुंगाची दारू सरली व्हती."

"मग मावळतीला आरोपी तिथं काय करत होता?"

"भाकर खात व्हते."

"कुणी दिली?"

"मी."

"बाई, अंधारून आलं होतं. दुसरा कुणी असेल."

"दुसरा कसा आसंल? नुस्त्या चालीवरनं वळखते मी."

इनायतनं कागदावर लिहिलं, 'ओळख पक्की'. फौजदारांनी मिशीवरून हात फिरवला.

"मघापासून नुसतं आरोपी, आरोपी चाललंय. तो शब्द तुम्हाला वकिलांनी दिलेला. ज्याला भाकर दिलीत, त्याचं नाव सांगा."

अंबूबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"चार महिने माणूस तुमच्या मळ्यात आहे. नाव माहीत नाही?"

"ठावं हाय."

"मग बोला की."

ती खाली फरशीकडं बघत राहिली.

"साहेब," फौजदार मामलेदारांकडं वळले, "हा माणूस कोण, हेच हिला माहीत नाही. पढवून आणलंय."

"वैनी, सांगा की बजरंग म्हून!" मागून कोंडाजी ओरडला. "मी दिसभर हाका मारतो की त्याला!"

"ए, गप्प बस! साक्षीदाराला कुणी शिकवायचं नाही." मामलेदारांनी टाक उचलून धरला. "बाई, नाव तुमच्या तोंडून आलं पाहिजे. नाही आलं तर ही साक्ष मी धरणार नाही. शेवटचं विचारतोय."

इनायत घाईनं उठला. कचेरी बघून बाई बिचकली, दुसरं काय! "घाबरू नका, अंबूबाई," तो म्हणाला. "एक शब्द तर सांगायचाय."

पिंजऱ्यातल्या बजरंगनं सकाळपासून पहिल्यांदा मान वर केली. अंबूबाईकडं बघून त्यानं ती जोरात हलवली. नको.

तिनंही त्याच्याकडं पाहिलं, चांगलं डोळे भरून. मग डोक्यावरचा पदर सारखा करून पुढं ओढला, मान खाली घातली आणि एका दमात म्हणाली,

"कचेरीच्या म्होरं पिंपळाला पार,
बजरंगरावांचं नाव घेते, देव साक्षीदार."