दाराचं रबर

तिने रॉकेलचा बोळा मोटरहोमच्या दाराच्या रबरावर टेकवला आणि खसाखसा घासायला सुरुवात केली. रबराचा काळा रंग बोळ्यावर उतरायला लागला.

याच दाराने काल घात केला होता. दुपारी नवरा झोपल्यावर तिने लेकीला कडेवर घेऊन कडी दाबली. उन्हाने चिकटलेलं रबर चर्रकन सुटलं. "काय चाललंय?" आतून आवाज आला. "वाळत घातलेले कपडे काढते," ती म्हणाली. त्याने कपड्यांबद्दल पुढे विचारलं नाही. झोप मोडल्याबद्दल मात्र तिचं मनगट अजून निळं होतं. ड्रायव्हरकडची पुढची दोन्ही दारं कुलूपबंद आणि त्यांची किल्ली त्याच्या खिशात. जागेपणी तो एकीला कुठेही जाऊ द्यायचा. दोघींना मिळून कधीच नाही.

दाराचं काम तिच्यावर टाकून आत्ता तो पलीकडे खिडक्यांची रबरं साफ करत होता. आधी कोमट साबणपाणी, खाचेत जुना टूथब्रश, मग मऊ फडकं, आणि सगळं कोरडं झालं की रबर चिकटू नये म्हणून सिलिकॉनचा हलका हात. एका खिडकीला अर्धा तास. कुठे बारीक चीर दिसली तर तिथे तो ब्रशही लावायचा नाही, बोटाच्या पेराने पुसायचा.

"नवरा असावा तर असा," शेजारच्या गाडीतल्या आजी खुर्चीत बसून म्हणाल्या. "आमच्या ह्यांची गाडी धुवायला पाऊसच यावा लागतो."

तो हसला. "रबर गेलं की गाडी गेली, आजी. पाणी कुठून शिरतं ते कळतसुद्धा नाही."

तिने आणखी रॉकेल ओतलं. लेकीला तिने मघाशीच गाड्यांच्या तळाच्या पार टोकाला नळावर पाठवलं होतं. "डबा काठोकाठ भर. येताना एक थेंब सांडायचा नाही हं." पाच वर्षांची पोर, दोन्ही हातांत डबा. नळाला बारीक धार, म्हणजे अर्धा तास तरी.

टूथब्रशचा आवाज थांबला.

"कसला वास येतोय?"

"डाग निघत नव्हता, म्हणून जरा रॉकेल..."

तो फडकं खांद्यावर टाकून आला. त्याचा आवाज कधी चढायचा नाही. "काय सांगितलं होतं मी?"

"रॉकेलने रबर फुगतं."

"म्हणजे ठाऊक आहे."

पहिली थप्पड कानाखाली बसली. दुसरीची तिची तयारी होती, तरी ती बादलीवर पडली. त्याने केसांना धरून तिला उठवलं आणि तिचा गाल दाराच्या चौकटीवर दाबला. "बघ. जवळून बघ. काय करून ठेवलंयस?" मग डोकं मागे ओढून आपटलं. पुन्हा एकदा. ओठ फुटला आणि रक्त रबराच्या खाचेत ओघळलं.

त्याने घाईने रबर पुसलं.

शेजारची खुर्ची रिकामी होती. आजींच्या खिडकीचा पडदा आतून ओढला गेला.

तिने नळाकडे पाहिलं. लेक अजून पाठमोरी होती.

"मी करते परत नीट," ती म्हणाली.

"तू? तू हात लावायचा नाहीस. एक काम धड येत नाही, नुसतं आयतं बसून खायचं. सरक."

ती सरकली. पायरीखालच्या सावलीत बसून तिने ओल्या फडक्याने तोंड दाबून धरलं आणि बघत राहिली. त्याने साबणपाण्याने रॉकेल तीनदा उतरवलं. खाच न् खाच कोरडी केली. सिलिकॉन फडक्यावर घेतलं आणि वरपासून खालपर्यंत, बिजागरीच्या बाजूने, कडीच्या बाजूने, उंबऱ्याशीसुद्धा, असं फिरवलं की जणू झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून हात फिरवतोय. मग त्याने दार लावलं. उघडलं. पुन्हा लावलं.

"ऐकू आलं काही?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"याला म्हणतात काम. आता माझी झोपही मोडणार नाही."

लेक आली तेव्हा डबा खरोखर काठोकाठ भरलेला होता. तिने आईच्या ओठाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि डबा हळूच पायरीवर ठेवला. "एक थेंब पण नाही सांडला," ती पुटपुटली.

"शहाणी माझी ती," आई म्हणाली.

जेवण झालं. नेहमीप्रमाणे त्याने दोघींना आत घेतलं, दार ओढलं आणि पुढच्या दारांची किल्ली खिशात घालून आडवा झाला. पाच मिनिटांत त्याचा श्वास जड झाला. तिने मनात शंभर अंक मोजले, मग पुन्हा शंभर. दोघींच्या चपला काखेत मारल्या, लेकीला उचललं आणि तिच्या ओठांवर बोट ठेवलं. तळाच्या फाटकाबाहेरच्या रस्त्यावर तीनची बस यायला बारा मिनिटं होती.

तिने कडी दाबली.

दार उघडलं. श्वासाचा ठेका तसाच राहिला.

पाण्याचा डबा अजून पायरीवरच होता. तो ओलांडून ती खाली उतरली आणि दार मागे लोटलं. फाटकापाशी पोचेपर्यंत पोरीने शब्द काढला नाही. मग तिने आईच्या कानाला तोंड लावलं.

"आई, दार ओरडलं नाही."

"बाबांनी केलंय ना," आई पुढे बघत चालत म्हणाली. "ते सगळं नीट करतात."