कडेची लेन

जुना विद्यार्थी हरिओम माइककडे निघाला तेव्हाच शिवमूर्ती सरांनी ओळखलं. आज ही पोरं आपल्याला पाण्यात टाकणार.

डोक्यावर फेटा, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ आणि तोंडाला कोरड, अशा थाटात सर खुर्चीवर बसले होते. लातूरच्या ज्या जलतरण तलावावर त्यांनी उभं आयुष्य काढलं, त्याच्या काठालाच मंडप घातला होता. निवृत्तीचा सत्कार होता. काल हरिओमनं फोनवर सांगितलं होतं, "सर, शेवटी एक गंमत हाय. आत्ता न्हाई सांगत." पोहणाऱ्यांची गंमत काय असते ते सरांना चांगलं ठाऊक होतं. संघ जिंकला की पोरं कोचला उचलतात आणि कपड्यांसकट पाण्यात फेकतात. नांदेडच्या स्पर्धेत एका कोचला असं बुचकळताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या पोरांनी मात्र असं कधी केलं नव्हतं. पोरं आपल्याला वचकून आहेत, अशी सरांची समजूत होती.

आणि सरांना पोहता येत नव्हतं.

गाव चाकूरजवळचं. थोरला भाऊ संगमेश्वर विहिरीत पोहायला शिकत होता, कमरेला वाळका भोपळा बांधून. आता जमतंय की, म्हणून कुणीतरी भोपळा सोडला आणि त्याला ढकललं. तो वर आलाच नाही. आईनं, कमलम्मानं, धाकट्याचा हात त्याच्या गळ्यातल्या इष्टलिंगावर ठेवला आणि गुडघ्याच्या वर पाणी लागू द्यायचं नाही, अशी शपथ घातली. आई गेली, शपथ राहिली. पुढे शिवमूर्ती शाळेत खेळाचे मास्तर झाले. तलावाला कोच मिळेना म्हणून त्यांना महिनाभरासाठी तिथं उभं केलं. तो महिना काही संपला नाही. त्यांनी पुस्तकं वाचली, काठावरून पोरांचे हातपाय बघून बघून डोळा तयार केला. लांब बांबू घेऊन कडेनं फिरायचं आणि ओरडायचं. पोरं बक्षिसं आणायला लागली, तसं खरं सांगणं आणखीच अवघड होऊन बसलं. एका उन्हाळ्यात शहरालाच पाणी नव्हतं, तलाव कोरडा पडला. तेवढे दिवस काय ते सर कडेवर निवांत उभे राहिले.

हे सगळं फक्त बायकोला माहीत होतं. महादेवी शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

"सांगून टाका की आता," ती कुजबुजली.

"एवढ्या लोकांत? लई उशीर झाला, अगं."

सरांची जुनी विद्यार्थिनी तनुजा आधीच बोलून गेली होती. ती आता स्वतः नांदेडला पोरांना शिकवते. म्हणाली, "बाकीचे कोच भ्यालेल्या पोराला ढकलून देतात. सरांनी कधी कुणाला ढकललं न्हाई. मी हप्ताभर पायरीवर बसून रडले. सर बाजूला बसून राहिले. मग माझी मीच उतरले. मी पण आता कुणाला ढकलत न्हाई." टाळ्या पडल्या तेव्हा सरांना संगमेश्वर आठवला आणि फेट्याच्या शेमल्यानंच त्यांनी डोळे पुसले.

आता माइक हरिओमच्या हातात होता.

"सर मला रोज झापायचे. 'हरिओम, कडेला काय करायलास? मधी जा!' खरं का न्हाई, सर?"

खरंच होतं. सर कडेनं फिरायला लागले की एखादं थोराड पोरगं त्यांच्या पायाशीच, कडेच्या लेनमध्ये घुटमळत राही. 'हाव सर' म्हणायचं आणि तिथंच राहायचं. हरिओम शिकून गेला, त्याच्या जागी दुसरा आला. दर वर्षी नवी पोरं, पण खोड तीच.

"पण आम्ही कडेची लेन काही सोडली न्हाई!" हरिओम म्हणाला. जुनी पोरं खो खो हसली. यात हसण्यासारखं काय होतं ते सरांना कळलं नाही.

"आता गंमत. चला सर, पाण्याकडं!"

सगळ्यांनी त्यांना घेरलं. कुणी दंड धरला, कुणी नारळ काढून महादेवीच्या हातात दिला. सरांनी फरशीवर पाय रोवले.

"अरे, थांबा रे... मला..."

पण पाण्याच्या चार हात अलीकडेच सगळे थांबले आणि त्यांनी सरांना मंडपाकडं तोंड करून वळवलं. समोर फोटोवाला कॅमेरा लावून उभा होता.

"सगळ्या बॅचचा एकत्र फोटो, सर. तुमच्या घरात लावायला. हीच गंमत."

सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांना हसावं की रडावं कळेना.

"सर, जरा मागं सरका," फोटोवाला म्हणाला.

सरांनी सवयीनं वळून पाणी किती लांब आहे ते पाहिलं. पाणी दिसलंच नाही. ओल्या फरशीच्या अगदी टोकाला, पाणी आणि सर यांच्या मधे, इरकल नेसलेली तनुजा, कडक इस्त्रीतला हरिओम आणि बाकीचे सगळे ओळीनं उभे राहिले होते. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"अरे, तिकडं कशाला उभे राहिलात? पाण्यात पडाल ना!"

हरिओम त्यांच्या कानाशी वाकला.

"पडू द्या की, सर. आम्हाला पोहता येतंय."

सरांना कडेच्या लेनमधली ती सगळी थोराड पोरं आठवली. मग त्यांनी तनुजाकडं पाहिलं. ती हसून खाली बघायला लागली. सरांना एकदम हलकं हलकं वाटलं.

"सर, अजून एक पाऊल मागं," फोटोवाला ओरडला.

सर वळून न बघता मागं सरकले.