चार-चार आटे

धनुर्विद्या शिकवणाऱ्या माझ्या माजी विद्यार्थ्याचं एकोडी गावाहून आलेलं पत्र मी दोन वर्षं पुस्तकात दडवलं होतं: ‘सर, मुलींची कप्पीवाली कंपाउंड धनुष्यं जुळवून द्यायला याल?’ मी धनुष्यांबद्दल नुसता वाचणारा. कधी पाना धरला नव्हता. आज नातीसाठी ओढ हलकी करायला तिच्या धनुष्याची पाती धरणारे दोन्ही बोल्ट चार-चार आटे सैल केले. तीनदा मोजूनही शंका राहिली: खालचा पाच तर नाही? जास्त सैल होऊन बोल्ट सुटला, तर ताणलेलं धनुष्य तिच्या तोंडावरच फुटेल. “थांब, तृप्ती, पुन्हा मोजतो.” “आबा, धनुष्य मी ओढून राहिली, तुम्ही काहून भिऊन राहिले?” तिने दोरी गालापर्यंत खेचली. बाण समोर टांगलेल्या वर्तमानपत्रातून गेला. वाकडा गेला असता, तर कागद लांब चिरला असता. भोक गोल होतं. त्याच कागदावर त्या विद्यार्थ्याला ‘येतो’ लिहिलं आणि धीर सुटण्याआधी पोस्टात टाकलं.